‘राणी’, ‘सवलत’ आणि ‘राखीव’ : लाबोत्सिबेनींबद्दल मराठीत लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

आफ्रिकेचा इतिहास मराठीत लिहिणारे, त्याचा अनुवाद करणारे आणि त्या मजकुरावर संपादनाचा हात फिरवणारे सर्व जण यांना,

सप्रेम नमस्कार.

विषय : वसाहतकाळातल्या आफ्रिकी राण्यांबद्दल लिहिताना वापरले जाणारे शब्द. उदाहरण म्हणून स्वाझीलँडच्या, म्हणजे आजच्या एस्वातिनीच्या, लाबोत्सिबेनी म्दलुली.

इंग्रजी पुस्तकात ‘क्वीन रीजंट लाबोत्सिबेनी’ (रीजंट म्हणजे अल्पवयीन राजाच्या वतीने कारभार पाहणारी) असं दिसलं की मराठीत ‘राणी लाबोत्सिबेनी’ लिहून आपण पुढे जातो. वाचक तिथेच चुकीच्या गाडीत बसतो. आपल्याकडे राणी म्हणजे राजाची बायको. लाबोत्सिबेनी राजाची बायको होत्या, हे खरं. पण राजे म्बान्द्झेनी 1889 मध्ये वारले तोपर्यंत, म्हणजे त्या बायको होत्या तोपर्यंत, राज्यात त्यांना कसलाच अधिकार नव्हता. अधिकार आला तो वैधव्यानंतर, आणि तोही बायको म्हणून नव्हे, तर निवडलेल्या वारसाची आई म्हणून. स्वाझी राज्यात राजाच्या बायकांपैकी कोणीही पट्टराणी नसते. थोर म्हणून जे पद आहे ते आईचं.

या पदाचं नाव इंद्लोवुकाझी. शब्दशः अर्थ हत्तीण. राजा इन्ग्वेन्यामा, म्हणजे सिंह. मराठीत ‘हत्तीण’ लिहिलं तर वाचणारा हसेल, म्हणून अर्थ एकदाच कंसात द्यावा आणि पुढे मूळ शब्दच ठेवावा, अशी आमची सूचना आहे. ‘राजमाता’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. पण त्यालाही एक अडचण आहे. आपल्या मनातली राजमाता ही देवघरात बसलेली, सल्ला देणारी, आदरणीय आणि कारभारातून निवृत्त अशी असते. इंद्लोवुकाझी निवृत्त नसते. तिच्याकडे स्वतःचं न्यायासन असतं, गुरं असतात, गाव असतं. राज्याची राजधानी म्हणतात ती राजाच्या राहत्या गावाला नव्हे, आईच्या गावाला. राजाचं गाव वेगळं. लाबोत्सिबेनींचं गाव झोम्बोद्झे. म्हणून नकाशात ‘राजवाडा’ असा एकच ठिपका दाखवला तर अर्धं राज्य गाळलं जातं.

दोघांत अधिकार कसे वाटलेले होते ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सर्वोच्च न्यायसभेत राजा बसायचा आणि देहान्ताची शिक्षा त्याच्याच तोंडून निघायची. त्याखालची न्यायसभा आईची. शिवाय संकटात सापडलेला माणूस तिच्या झोपडीच्या आसऱ्याला आला तर त्याला अभय मिळे. वयोगटांनुसार बांधलेल्या पलटणी राजाच्या, पण त्यांचा सरसेनापती राहायचा आईच्या गावात. राज्याच्या पवित्र वस्तू तिच्या ताब्यात, पण राजाच्या सहभागाशिवाय त्यांचा उपयोग नाही. पावसाची विद्या दोघांची मिळून, एकट्याची नाही. प्रत्येक कुलपाला दोन किल्ल्या, असं समजा. हे काही गोडीगुलाबीचं चित्र नव्हे. म्बान्द्झेनींचा त्यांच्या वेळच्या इंद्लोवुकाझी सिसिले यांच्याशी संघर्ष पेटला आणि 1881 च्या सुमारास त्यांनी सिसिलेंना ठार करवलं. सिसिले त्यांच्या जन्मदात्या आई नव्हत्या. पद आईचं असलं तरी ते नुसतं नात्याने मिळत नाही आणि रिकामंही ठेवलं जात नाही. लाबोत्सिबेनींचे नातू, राजे सोभूझा दुसरे यांच्या आई लोमावा 1938 मध्ये गेल्या, तेव्हा त्यांची सख्खी बहीण नुक्वासे त्या आसनावर बसली. 1957 मध्ये त्याही गेल्यावर तिसरी स्त्री आली. त्यामुळे वंशावळीत ‘राजाची आई’ म्हणून तीन नावं दिसली तर ती छपाईची चूक समजून खोडू नका.

आता लाबोत्सिबेनींची निवड. स्वाझी रिवाजात वारस ठरवतं ते राजघराण्याचं मंडळ, राजा वारल्यानंतर. त्यात बघितली जाते मुलाची आई : तिचं कूळ काय, वागणं कसं. राजा हा आईमुळे राजा, अशी म्हणच आहे. वारसाला सख्खा भाऊ नसावा असाही दंडक, म्हणजे भाऊबंदकीचं मूळच राहत नाही. लाबोत्सिबेनींना थोरल्या भुनू यांच्यानंतर मालुंगे आणि लोमवाझी असे आणखी दोन मुलगे होते. तरीही भुनूंची निवड झाली. दंडक मोडून निवड झाली याचा अर्थ मंडळाने आईकडे पाहूनच निर्णय घेतला होता. भुनू लहान होते, म्हणून आधी तिबाती न्काम्बुले यांनी राज्य सांभाळलं आणि साधारण 1894 पासून लाबोत्सिबेनी इंद्लोवुकाझी झाल्या. लोकांनी त्यांना दिलेलं नाव ग्वामिले, म्हणजे ठाम उभी राहणारी, न हटणारी.

तारखांचा घोळ इथूनच सुरू होतो. भुनूंची कारकीर्द कुठे 1889 पासून धरलेली दिसेल, कुठे 1895 पासून. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं साल निवडीचं, दुसरं प्रत्यक्ष गादीवर बसण्याचं. भुनू 10 डिसेंबर 1899 रोजी वारले. त्यांचा मुलगा सोभूझा त्याच वर्षी 22 जुलैला जन्मलेला, म्हणजे जेमतेम साडेचार महिन्यांचा. त्याची निवड लगेच झाली, गादी मिळाली 22 डिसेंबर 1921 रोजी. ऐंशीहून अधिक वर्षं राज्य केलेला राजा असं त्यांच्याबद्दल लिहितात ते 1899 पासून मोजून. मधली बावीस वर्षं आजीची. सोभूझांची आई लोमावा न्द्वान्द्वे, लाबोत्सिबेनी त्यांच्या आजी. नातवंडं आजीला म्हणतात ‘गोगो’. चित्राखाली ‘सोभूझा आणि त्यांची आई लाबोत्सिबेनी’ असं छापलं जाऊ नये म्हणून हे इतकं फोडून सांगतो आहोत.

दुसरा शब्द ‘सवलत’. इंग्रजी ‘कन्सेशन’ला कोशात तो सापडतो आणि लेखक बिनदिक्कत वापरतो. ज्येष्ठांना एसटीच्या तिकिटात मिळते ती सवलत. म्बान्द्झेनींनी 1880 च्या दशकात गोऱ्यांना लिहून दिले ते मक्ते होते. मराठीत हा शब्द अगदी नेमका बसतो, कारण ‘मक्तेदारी’चा अर्थही त्यात आहे आणि इथे दोन्ही गोष्टी होत्या. जमिनीचे मक्ते, चराईचे मक्ते, खनिजांचे मक्ते. त्याशिवाय टपाल, तारयंत्र, रेल्वे, जकात यांचे एकाधिकार. एकाच डोंगरावर चराई एकाची, खनिज दुसऱ्याचं, लाकूड तिसऱ्याचं आणि जमीन चौथ्याची, अशी परिस्थिती. वर ‘आतापर्यंत कुणालाच न दिलेली उरलीसुरली जमीन’ असाही एक मक्ता दिला गेला. म्हणजे ताटातलं वाढून झाल्यावर ताटही गेलं.

म्बान्द्झेनी दारूत बुडालेले होते आणि ग्रेहाउंड कुत्र्यांच्या बदल्यात देश विकून बसले, ही गोष्ट फार रंगवून सांगितली जाते. ती रंगवणाऱ्यांत मक्तेदारांचा हितसंबंध होता, हे तिथेच लिहावं. स्वाझींची बाजू अशी : जमीन राजाच्या नावाने असते, मालकीने नाही. राजा ती वापरायला देऊ शकतो, विकू शकत नाही. हिवाळ्यात ट्रान्सव्हालच्या पठारावरचं गवत वाळतं आणि बोअर, म्हणजे डच वंशाचे गोरे शेतकरी, मेंढ्या घेऊन खाली उतरत. त्यांना चारायला दिलं, भाडं घेतलं, ऋतू संपला की त्यांनी जावं. हा व्यवहार आपल्या धनगरांच्या वाटेवरच्या गावांना समजायला अवघड नाही. कागदावर मात्र तो पन्नास पन्नास वर्षांचा भाडेपट्टा झाला, आणि पुढे त्या भाडेपट्ट्यातून मालकी निघाली.

राजमातेची सत्ता कशावर चालते, हे सहसा लिहिलं जात नाही. ती चालते गुरांवर. राजघराण्याचे कळप देशभर लोकांकडे राखायला ठेवलेले असतात. या पद्धतीला कुसिसा म्हणतात. राखणाऱ्याने दूध घ्यायचं, शेणखत घ्यायचं, गाय मेली तर कातडं दाखवून कळवायचं, मालकी देणाऱ्याचीच. आपल्याकडे अर्धेलीने शेळी देतात त्याच्याशी थोडं साम्य आहे, पण कुसिसाने नफ्यापेक्षा माणूस बांधला जातो. दुष्काळात, लग्नात, तंट्यात तो कोणाकडे जाणार हे त्यातून ठरतं. 1896-97 मध्ये दक्षिण आफ्रिकेत बुळकांड्याची साथ आली आणि कळपच्या कळप संपले. 1902 नंतर गोचिडांनी पसरणारा ‘ईस्ट कोस्ट’ ताप आला आणि उरलेल्या गुरांची हालचाल बंदीत अडकली. गुरं गेली म्हणजे खजिना गेला, इतकंच नाही; माणसं बांधण्याची दोरी गेली. त्यात न्यायसभेतल्या दंडाचं उत्पन्न आटलं. कसं, ते पुढच्या मुद्द्यात.

स्वाझी राजाचा फौजदारी अधिकार इंग्रजांनी काढला असं सरसकट लिहू नका. इंग्रज आणि ट्रान्सव्हाल यांच्यातल्या 1894 च्या करारानंतर कारभार ट्रान्सव्हालच्या बोअर सरकारकडे गेला. 1898 मध्ये एका वरिष्ठ इंदुनाच्या, म्हणजे दरबारी मानकऱ्याच्या, खुनाचं प्रकरण भुनूंवर आलं. ते झुलूलँडमध्ये निसटले, मग परत आले, खटला चालला, दंड झाला. त्याच वर्षीच्या प्रोटोकॉलने, म्हणजे कराराला जोडलेल्या पुरवणीने, गंभीर गुन्हे राजाच्या न्यायसभेतून काढून घेतले आणि राजाला ‘पॅरामाउंट चीफ’ म्हणायचं ठरलं. इंग्रजांनी ही पादुका आयतीच पायात घातली. 1903 च्या ऑर्डर इन कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश राजाच्या नावाने निघालेल्या हुकमाने, त्यांचं शासन कायदेशीर झालं, फौजदारी मॅजिस्ट्रेटकडे राहिली आणि स्वाझी प्रमुखांकडे आपसांतले दिवाणी तंटे उरले. ‘पॅरामाउंट चीफ’ ही बिरुदावली 1967 पर्यंत टिकली. म्हणून ‘स्वाझींचा प्रमुख सरदार’ असं भाषांतर कराल तर लक्षात ठेवा, राजाला सरदार करणं हेच त्या शब्दाचं काम होतं. सरकारी कागद उद्धृत करत असाल तर ‘पॅरामाउंट चीफ’ हाच शब्द अवतरणात ठेवा. स्वतःच्या वाक्यात राजा म्हणा. ‘चीफ रीजंट’ या सरकारी कागदांतल्या शब्दाबद्दलही हेच.

मधली तीन वर्षं, इंग्रज आणि बोअर यांच्यातल्या युद्धाची, 1899 ते 1902. कारभार पाहणारे बोअर अधिकारी निघून गेले, इंग्रजांचं अजून बस्तान बसलेलं नव्हतं. सत्तेवर नुकत्याच आलेल्या लाबोत्सिबेनींनी दोन्ही गोऱ्या पक्षांना सांभाळत, कुणाच्याही बाजूने न लढता देश चालवला. शेजारीच लढाई पेटलेली आणि 1901 मध्ये गोऱ्यांचं ठाणं असलेलं ब्रेमर्सडॉर्प, आजचं मान्झिनी, बोअरांनी जाळलेलं. या काळावर बहुतेक ठिकाणी एकच वाक्य असतं. परकी हुकमत नसताना ही व्यवस्था कशी चालते हे बघायला एवढी चांगली खिडकी दुसरी नाही.

मग तिसरा शब्द, ‘राखीव’. 1907 च्या फाळणीच्या जाहीरनाम्याने प्रत्येक जमीन-मक्त्यातला एक तृतीयांश भाग कापून स्वाझींच्या वापरासाठी ठेवायचा असं ठरलं. हे काम जॉर्ज ग्रे यांच्याकडे आलं; त्या वेळी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री असलेले सर एडवर्ड ग्रे यांचे ते भाऊ. रीत अशी : मक्त्याची हद्द मोजायची, त्यावरची स्वाझी वस्ती पाहायची, एक तृतीयांश कुठे तोडायचा ते ठरवायचं, आणि शेजारच्या मक्त्यांमधले तोडलेले भाग शक्य तिथे एकमेकांना लागून येतील असं बघायचं. उरलेल्या दोन तृतीयांशावर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्टेदारांना पूर्ण मालकी मिळवण्याची वाट मोकळी झाली. निघालेले तुकडे तीसच्या वर, देशभर विखुरलेले. विखुरलेले ठेवण्यात सोय होती : गोऱ्यांच्या शेतांना मजूर जवळ मिळाले. बाहेर राहिलेल्या स्वाझींना 1 जुलै 1909 पासून पाच वर्षांची मुदत. 1914 नंतर एकतर शेतमालकाच्या अटी मान्य करून राहायचं, नाहीतर घरदार उचलायचं.

याला मराठीत ‘राखीव क्षेत्र’ म्हटलं की वाचकाला वाटतं, चला, निदान एवढं तरी यांच्यासाठी राखून ठेवलं. राखलं दोन तृतीयांश, ते दुसऱ्यांसाठी. सरकारी नाव ‘नेटिव्ह एरिया’ होतं. ते तसंच ठेवा किंवा ‘तोडून दिलेला तुकडा’ म्हणा. आणि ‘एक तृतीयांश जमीन मिळाली’ असं क्रियापद वापरू नका. उरली, असं लिहा.

लाबोत्सिबेनींनी याला काय उत्तर दिलं, त्यावर मात्र हात आखडता घेऊ नये अशी विनंती आहे. बंडाची गोष्ट सांगायला सोपी असते. तलवार, बंदूक, किल्ल्याचा वेढा, हद्दपारी. आजच्या घानातल्या असान्तेंच्या ‘या आसान्तेवा’ (‘या’ हा नावाचाच भाग) 1900 मध्ये लढल्या, इंग्रजांनी त्यांना सेशेल्स बेटांवर पाठवलं आणि 1921 मध्ये त्या तिथेच वारल्या. मादागास्करच्या तिसऱ्या रानावालोना यांना फ्रेंचांनी 1897 मध्ये हाकलून आधी रेयुनियोंला आणि मग अल्जीअर्सला नेलं. त्या 1917 मध्ये तिथे गेल्या. दोन्ही गोष्टींना नाट्य आहे. लाबोत्सिबेनींच्या गोष्टीत आहेत अर्ज, वकील, वर्गणी, शाळा आणि एक वर्तमानपत्र. त्या गादीवरून हलल्या नाहीत आणि देशाबाहेर गेल्या नाहीत. कदाचित म्हणूनच मराठीत त्यांना कोणी घेत नाही.

अर्जांपासून सुरुवात करू. फाळणी ठरत असतानाच त्यांनी हरकती नोंदवल्या, आणि 1907 च्या उत्तरार्धात शिष्टमंडळ थेट लंडनला पाठवलं. त्यात त्यांचे पुत्र मालुंगे होते आणि दरबारातले ज्येष्ठ राजपुत्र लोग्चोग्चो. वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि फाळणी तशीच राहिली. (हेच एल्गिन त्याआधी, 1894 ते 1899, हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. पुण्यात रँडचा खून झाला तेव्हा कलकत्त्याच्या गादीवर तेच. मराठी वाचकाला हे सांगितलंत तर नाव लगेच ओळखीचं होईल.) लोग्चोग्चो या नावातला ‘च’ आपला नव्हे. ‘अरेरे’ म्हणताना जीभ दातांमागे टेकवून आपण जो चुकचुक आवाज काढतो तो तिथे पूर्ण व्यंजन आहे. देवनागरीत त्याला अक्षर नाही, म्हणून एका ओळीची टीप पुरे.

अर्ज वाचताना एक गोष्ट नेहमी निसटते. लाबोत्सिबेनी लिहीत-वाचत नव्हत्या. त्यांचं बोलणं सिस्वातीत, म्हणजे स्वाझी भाषेत. दुभाषा ते ऐकून इंग्रजीत नेणार, लेखनिक किंवा वकील सरकारी साच्यात बसवणार, आणि मग ते रेसिडेंट कमिशनरच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च इंग्रज अधिकाऱ्याच्या, फायलीत पडणार. ‘आपली आज्ञाधारक सेवक’ हे शब्द त्या साच्याचे आहेत. त्यावरून ‘राणीने लीन होऊन विनंती केली’ असं वाक्य रचणं म्हणजे आपल्याकडच्या ‘कळावे, लोभ असावा’वरून पत्र लिहिणारा लोभी होता असं ठरवणं. अर्जात काय मागितलं आहे ते बघा, सूर बघू नका. त्यांनी मागितलं ते असं : मक्ते हे भाडेपट्टे आहेत, मुदत संपल्यावर जमीन परत यायला हवी, आणि राजाच्या नावाने ठरलेला मक्त्यांच्या उत्पन्नाचा पैसा राजघराण्याला मिळावा. पहिलं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

मग वर्गणी. लिफा निधी. लिफा म्हणजे वारसा, वडिलोपार्जित. 1912-13 च्या सुमाराला सुरू झालेल्या या निधीचा हेतू सरळ होता : कागदावर गेलेली जमीन कागदानेच परत विकत घ्यायची. स्वतःचीच जमीन विकत घेणं अपमानाचं आहे, हे त्यांनाही कळत होतं. पण 1914 ची मुदत डोक्यावर होती. पैसा आणायचा कुठून? गुरं संपलेली, दंडाचं उत्पन्न गेलेलं. रोख होतं ते फक्त मजुरीतून, त्यातही जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत उतरलेल्या तरुणांकडे. गंमत, म्हणजे कडू गंमत अशी की ते खाणीत उतरले होते ते सरकारचा रोख कर भरण्यासाठी. करापायी घराबाहेर पडलेल्या माणसाच्या त्याच मजुरीतून राजमातेने जमिनीसाठी वाटा मागितला. पूर्वी माणूस गुरांनी बांधला जायचा, आता वर्गणीने. यात सगळं सुरळीत झालं असं दाखवू नये. एकाच मजुरीवर दोन वसुल्या आल्या, आणि सरकारने पुढे या निधीवर देखरेख बसवली. थोडी जमीन परत आली, देश परत आला नाही.

शाळेची गोष्ट तुलनेने लवकर सांगून होते. 1906 मध्ये झोम्बोद्झेला राष्ट्रीय शाळा निघाली, मिशनच्या ताब्याबाहेरची. सोभूझा तिथे शिकले, मग केप प्रांतातल्या लव्हडेलला गेले. नातवाला कुठे शिकवायचं, हे त्यांनी स्वतःच्या हातात ठेवलं. हे किती अवघड आहे ते मराठी वाचकाला वेगळं समजवायला नको. बडोद्याला 1875 मध्ये जमनाबाईंनी सयाजीरावांना दत्तक घेतलं, पण मुलाचे शिक्षक एलियट हे इंग्रज, आणि कारभार दिवाण माधवरावांकडे. अल्पवयीन राजा म्हणजे रेसिडेंटला मिळालेली मोकळी पाटी, हे सूत्र साम्राज्यभर एकच होतं. तुलना द्यायचीच तर ही द्या. ‘स्वाझींची ताराबाई’ किंवा ‘आफ्रिकेची जिजाऊ’ नको. ताराबाई स्वतः मोहिमा आखत होत्या आणि समोर औरंगजेब होता. इथे समोर मोजणीची साखळी घेतलेला कमिशनर होता.

आणि वर्तमानपत्र. 8 जानेवारी 1912 रोजी ब्लोमफाँटेनला साउथ आफ्रिकन नेटिव्ह नॅशनल काँग्रेस, पुढची आफ्रिकन नॅशनल काँग्रेस (एएनसी), स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी बॅरिस्टर पिक्स्ली का इसाका सेमे यांनी त्याच वर्षी जोहान्सबर्गला ‘अबान्तु-बाथो’ हे वृत्तपत्र काढलं. इंग्रजीबरोबर आफ्रिकी भाषांतही छापलं जाणारं. त्यासाठी लाबोत्सिबेनींनी दिले 3,000 पौंड. स्वतः अक्षरओळख नसलेल्या बाईंनी, जमीन सोडवायला पैपैसा गोळा होत असताना, छापखान्याला ही रक्कम दिली. एका शब्दाचंही विशेषण न लावता हे वाक्य लिहा, ते उभं राहील. ‘अबान्तु-बाथो’ 1931 पर्यंत चाललं.

मालुंगे 1915 मध्ये गेले. लंडनला गेलेला, परिषदांना जाणारा, आईचा उजवा हात असलेला मुलगा. त्यानंतरची सहा वर्षं कारभार पुढे रेटून 1921 च्या डिसेंबरात लाबोत्सिबेनींनी नातवाला गादीवर बसवलं आणि रेसिडेंट कमिशनरच्या नावे पत्र देऊन आपला कारभार संपल्याचं कळवलं. सोभूझांनी जमिनीचा दावा पुढे चालवला. ‘न दिलेल्या जमिनी’च्या मक्त्यावरून खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींसाठीच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत, गेला. तिथे 1926 मध्ये निकाल लागला : राजसत्तेने ऑर्डर इन कौन्सिलने जे केलं त्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही. हा निकाल ऐकायला लाबोत्सिबेनी नव्हत्या. त्या 1925 च्या डिसेंबरात झोम्बोद्झेला वारल्या होत्या. त्यामुळे ‘खटला हरल्याच्या धक्क्याने निधन’ असली नाट्यपूर्ण जोडणी करण्याचा मोह झाला तर आधी दोन्ही सालं शेजारी लिहून पाहा.

राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी. ‘टोळी’ हा शब्द स्वाझींना लावू नका. न्यायसभा, पलटणी आणि वारसाचे नियम असलेल्या समाजाला आपण इतरत्र राज्य म्हणतो. पावसाच्या विद्येला ‘जादूटोणा’ म्हणू नका, ‘पर्जन्यविधी’ चालेल. 2018 च्या आधीच्या घटनांना स्वाझीलँड लिहिलं तरी चालतं, पण एकाच परिच्छेदात दोन नावं फिरवू नका. आडनावांत ‘म्दलुली’ हे लाबोत्सिबेनींचं माहेरचं कूळ आहे. लग्नानंतर ते बदलत नाही. राजघराण्याचं द्लामिनी हे आडनाव त्यांना जोडलं की त्यांच्याच नियमाने ती बहीणभावाची सोयरीक ठरते.

आपले,
आफ्रिकेचा इतिहास मराठीतून वाचणारे आणि शिकवणारे काही जण